राबाचा ठिपका

उपग्रहाला राब आणि वणवा यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त धग दिसते. दुपारी तो डोक्यावरून जातो आणि थोड्या वेळाने वेल्ह्यात माझ्या मोबाईलवर मेसेज येतो: आग, अमुक अक्षांश, तमुक रेखांश. नकाशावर लाल ठिपका. मग वनरक्षक म्हणून मी पाण्याची बाटली भरायची आणि डोंगर चढायचा.

त्या दिवसांत मी भाड्याच्या खोलीत एकटीच राहत होते. नवऱ्याची नोकरी लांब, फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' एवढ्यापुरतं. कित्येकदा दिवसभरात मला आलेला एकुलता एक मेसेज त्या उपग्रहाचाच असायचा. सांगायला लाज वाटते, पण मी त्याची वाट बघायला लागले होते.

वैताग होता तो एकाच ठिपक्याचा. वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यात एकच घर उरलं होतं. बाकीचे खाली उतरून कापूरहोळला ढाब्यांवर, गॅरेजात लागले. मागे राहिले एक म्हातारे बाबा आणि त्यांच्या दोन म्हशी. दर चैत्रात ते नाचणीच्या रोपांसाठी राब भाजायचे, म्हणजे वावराच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत अंथरून पेटवायचे. की आलाच ठिपका. दोन तास चढून जावं, तर बाबा राखेपाशी बसलेले. "आलात व्हय? च्या ठिवलाय." चहा आधीच तयार कसा, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

पाऊस भरपूर झाला की वणवे कमी लागतील, असं लोकांना वाटतं. होतं उलटंच. गवत कमरेएवढं वाढतं आणि फाल्गुनात वाळून काडीची वाट बघतं. एका वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि उन्हाळ्यात मेसेजांनी माझं डोकं खाल्लं. सलग तीन दिवस ओल्या डहाळ्यांनी वणवे झोडपून विझवले आणि चौथ्या दिवशी बाबांच्या ठिपक्यावर पोचले, ती फणफणतच. "तुमच्या मूठभर नाचणीपायी मला इथवर फरफटत यावं लागतं. पुन्हा मला वर यायला लावू नका!" बाबांनी कप पुढे केला. चहा न पिताच मी उतरले.

पुढच्या चैत्रात ठिपका आला नाही. महिना सरत आला तसा वळीव पडला, सगळं रान भिजलं. मेसेज बंद झाले, साहेब खूश. राब भिजला असेल, मी स्वतःला सांगितलं. पण दिवसातून चारदा नकाशा उघडून तीच जागा बघत होते. म्हातारा माणूस, एकटा. पडला झडला तर कळणार कुणाला? विझलेली चूल उपग्रहाला दिसत नाही. दोन दिवस कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेजशिवायच निघाले.

बाबा दारात दावं वळत बसले होते. त्यांना धडधाकट बघून मला रडू फुटायला आलं, आणि नेहमीप्रमाणे बाहेर पडला तो राग. "राब का नाही भाजला? पावसात भिजला ना?"

"पाऊस परवाच्याला आला. पाला कवाच वाळला हुता." त्यांनी दाव्यावरची नजर उचलली नाही. "तुमीच म्हणाला न्हवं, तरास हुतो. मंग न्हाई पेटवला."

"आणि नाचणी?"

"औंदा न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आज आग न्हाई, तरी आलात?" आणि ओशाळून चुलीकडं वळले. "च्या न्हाई ठिवला. तुमी येताल, ठावं नव्हतं."

इतक्या वर्षांचे ते तयार चहा मला त्या क्षणी कळले. मी आत जाऊन चूल पेटवली, चहा ठेवला. धुरानं डोळे चुरचुरले, ते एक बरं झालं.

"पुढच्या वर्षी राब भाजा बाबा," कप त्यांच्या हातात देत म्हटलं. "वारा पडल्यावर, कडेचं गवत साफ करून. मी येते."

खात्यात लागल्यापासून कुणाला आग लावा म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.