निर्माल्यात गेलेले देव

तुमच्या आजोबांचे देव हरवले, त्या दिवसाबद्दल मी तुमच्या बाबाला फोनवर अर्धंच सांगितलं. तो ऑफिसला निघाला होता, आणि तेवढ्यानेच त्याचा आवाज असा बदलला की उरलेलं मी गिळून टाकलं. ते इथे लिहिते. तुम्ही आत्ता वाचा किंवा मोठे झाल्यावर वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा, पण हे त्याला मोठ्याने वाचायला सांगू नका. त्याला जमणार नाही.

आमच्या बोरीवलीच्या घरात देवाच्या बाबतीत दोन वेगळ्या चुली आहेत. आजोबांचे देव स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात: गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेवाची पिंड आणि एक देवी, जिचं नाक-तोंड झिजून गुळगुळीत झालेलं. सगळे पितळेचे, अंगठ्याएवढे. त्यांच्या आईने गावाहून फडक्यात बांधून आणलेले. माझा देव कुठे मांडलेला नाही. सकाळी भाजी निवडताना मी त्याच्याशी बोलते, बहुतेक मनात, कधी तोंडाने. देवळात जात नाही, उपास करत नाही, हातही जोडत नाही.

पूर्वी हे सगळं करत होते. लग्नानंतर पुष्कळ वर्षं आम्ही दोघं एका मंडळाच्या बैठकीला जायचो. मला तिथलं सगळं आवडायचं. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, चपला रांगेत. मी इंग्रजी शाळेत नन्सच्या हाताखाली शिकलेली. जिथे शिस्त दिसेल तिथे देव असणारच, असं मला वाटायचं. मग एकदा बैठकीला एक बाई आली. तिचा तरुण मुलगा नुकताच अपघातात गेला होता. तिने विचारलं, "माझं काय चुकलं?" प्रमुख अगदी शांतपणे म्हणाले, "मधे बैठका चुकल्या होत्या ना, ताई." हॉलमधल्या माना हलल्या. मी उठले, रांगेतून माझ्या चपला काढल्या आणि घरी आले. पुन्हा गेले नाही. वाटलं, आता देवही सुटला. दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना लक्षात आलं की मी मघापासून त्याच्याकडे त्या प्रमुखांची तक्रार करते आहे.

आजोबा जात राहिले. मला एकदाच म्हणाले, "तुझा देव तुझ्याजवळ, माझे देव्हाऱ्यात. आपण त्यांच्यावरून भांडायचं नाही." आणि बाकी सगळ्यावरून भांडलो, पण त्यावरून नाही.

आता ते विसरतात, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. मागे त्यांनी, धाकट्या, तुला तुझ्या बाबाच्या नावाने हाक मारली आणि तू हसून ओ दिलीस. बरं केलंस. माणसांची नावं गेली, पत्ता गेला, चहा झाला की नाही ते गेलं. पूजा मात्र उरली होती. मंत्रांतल्या ओळी गळायच्या, पण हातांना सगळं ठाऊक असायचं. देव ताम्हनात घ्यायचे, पाणी घालायचं, पुसायचे, गंध लावायचं, फूल वाहायचं. कालची सुकलेली फुलं, म्हणजे निर्माल्य, वेगळ्या पिशवीत टाकायची, कारण ती कचऱ्यात टाकत नाहीत. आणि हे सगळं होईपर्यंत पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. हा त्यांच्या आईचा नेम.

डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई आणि जेवण यांत अर्धा तास ठेवायला सांगितला होता. पूजेला तेवढाच वेळ लागायचा. म्हणून मी घडी बसवली होती: आंघोळ, सुई, पूजा, ताट. एकदाही चुकायची नाही. मला त्या घडीचा थोडा गर्वच होता.

त्या दिवशी सुई दिली आणि मी पोळ्यांकडे वळले. मागून आवाज आला, "अगं, देव कुठे ठेवलेस?"

देव्हारा रिकामा होता. समई होती, घंटा होती, देव नव्हते. मी डबे पाहिले, फ्रीज पाहिला, त्यांची उशी उचलून पाहिली. मग आठवलं. आदल्या दिवशी निर्माल्याची पिशवी खाली नेताना भांडीवाली म्हणाली होती, "आजी, आज पिशवी जड लागते." मी म्हटलं होतं, "फुलं ओली असतील." आजोबांनी फुलांबरोबर अख्खं ताम्हनच पिशवीत उपडं केलं होतं.

"तुम्ही बसा, मी आणते," म्हणून मी खाली धावले. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

सोसायटीच्या गेटजवळ निर्माल्याचं हिरवं पिंप आहे. मी त्यात कोपरापर्यंत हात घातले. कुजलेला झेंडू कसा असतो ते तुम्हाला माहीत नसेल. तो हात धरून ठेवतो. तळमजल्यावरची मालवणी शेजारीण दारात उभी होती.

"काकी, काय शोधतास? बांगडी पडली काय?"

"देव."

"देव? निर्माल्यात?" तिने कपाळावर हात मारला. "अगे बाये! सरा, मी बघतंय." ती बाह्या सारून वाकली, आणि लगेच सरळ झाली. "वाट लागली, काकी. गाडी सकाळीच येऊन गेली. ह्या खालचा राहिलेला जुना."

तरी आम्ही दोघींनी पिंप आडवं केलं. एक सेफ्टी पिन निघाली, उदबत्तीचं मोडकं घर निघालं. फुलं चाळता चाळता मी देवाला म्हणत होते, तुला मी कधी मूर्तीत मागितलं नाही, आज मूर्तीच दे. बाकी काही नको. एवढी एक मूर्ती दे, कुठलीही चालेल. हाताला फक्त लगदा लागत होता.

आम्ही दोघी वर आलो तर आजोबा पाटावर तसेच बसलेले. कपाळावर घाम. बोटं थरथरत होती. सुई आत गेलेली आणि पोटात काही नाही म्हणजे काय होतं ते मला पाठ होतं. मी साखरेचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले.

"देव उपाशी आहेत. मी कसा खाऊ?"

"आजोबा," शेजारीण म्हणाली, "देवानंच सांगितल्यान, तुम्ही जेवा म्हणून."

"तुला सांगितलं?" त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "मला का नाही सांगितलं?"

एरवी मी हसले असते. मी त्यांचा जबडा धरला, गालातून साखर सारायचा प्रयत्न केला. त्यांनी ती माझ्या हातावर थुंकली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मी टाकले ना? मीच टाकले ना त्यांना?" डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कसंही करून गोड द्या, नाहीतर ताबडतोब इकडे आणा. शेजारीण रिक्षा बघायला खाली पळाली.

मग मी दुसरा फोन लावला, मंडळाच्या प्रमुखांना. आजोबा ज्याचं ऐकतील असा एवढा एकच आवाज मला सुचला.

"ताई! किती वर्षांनी!"

मी घाईघाईने सगळं सांगितलं. "तुम्ही त्यांना फक्त एवढंच सांगा की जेवा. मी फोन त्यांच्या कानाला लावते."

"देव असे उगाच घर सोडत नाहीत, ताई. घरात एकाने पाठ फिरवलेली असली की..."

"मी परत येते," मी म्हटलं. "येत्या बैठकीला येते. म्हणाल तिथे बसते, म्हणाल ते करते. आत्ता त्यांना सांगा."

"असं फोनवर, घाईत होत नसतं. दोघांनी जोडीने या. संकल्प करा. मग मंडळाकडून देव मिळतील. तोवर त्यांना नाम घेऊ दे."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं ताठ ठेवलेली मान मी एका वाक्यात विकायला काढली होती, आणि ती कोणी घेतलीसुद्धा नाही.

आजोबांचं डोकं आता एका बाजूला कलायला लागलं होतं. मी मसाल्याच्या कपाटात हात घातला आणि सुपारी हाताला लागली. मूर्ती नसेल तेव्हा तांदळावर सुपारी मांडून तिलाच देव मानायची आपल्यात रीत आहे. तुमच्या बाबाच्या मुंजीत अशा कितीतरी सुपाऱ्या मांडल्या होत्या. मी वाटीत तांदूळ घेतले, वर सुपारी ठेवली आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी पाहिलं. हातांना ओळख पटली असावी, कारण त्यांनी वाटी नीट सरळ केली. पण म्हणाले, "नुसती सुपारी आहे. बोलाव त्याला."

देवाला बोलवायचे शब्द असतात, आवाहनाचे. ते मला येत होते. इतकी वर्षं रांगेत बसून म्हटलेले. जिभेपर्यंत आले. पण त्यांच्या मागोमाग फोनवरचा तो शांत आवाजही आला, आणि मी ते शब्द सोडून दिले. मग मला एकच भाषा उरली, भाजी निवडतानाची.

"अरे, ये," मी म्हटलं. "मी तुला कधी बस म्हटलं नाही, आज बस. ह्या सुपारीवर बस. ह्यांना घाम फुटलाय. हे खात नाहीत. माझं कोणी ऐकत नाही रे, तू तरी ऐक. ये ना. ये की!" शेवटचं मी ओरडलेच. शेजारीण दारात येऊन थबकली.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "आला?"

मुलांनो, मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. शांत वाटलं नाही, कोणी आल्यासारखं वाटलं नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. एवढंच.

"आला," मी म्हटलं.

खोटं बोलले की खरं, ते मला तेव्हा कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

"मग आधी त्याला दे," ते म्हणाले. मी साखरेचा चमचा सुपारीला दाखवला आणि तोच त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं. मग आणखी एक. मग गूळ-पाणी. शेजारणीने खिडकीतून खाली वाकून रिक्षावाल्याला हाक मारून परत पाठवलं, आणि माझ्या बरबटलेल्या हातांकडे बघून म्हणाली, "काकी, आता तुम्ही हात धुवा." मला ते सुचलंच नव्हतं.

आता डॉक्टरांना विचारून सुई बदलून घेतली आहे, ती मी पूजेनंतर, ते जेवायला लागले की देते. मंडळात गेले नाही. नवे देव आणले नाहीत. आणले तर ते त्यांना ओळखणार नाहीत आणि पुन्हा शोध सुरू होईल. रोज सकाळी सुपारी मांडते, हाक मारते. रोज ते विचारतात, "आला?" आणि रोज मला उत्तर द्यावं लागतं. काही दिवशी ते पटकन निघतं. काही दिवशी जीभ उचलत नाही. एखादी गोष्ट रोज एखाद्या माणसाच्या जिवाशी बांधून म्हणायची वेळ आली, की ती किती जड होते ते मला बैठकीत कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा भाजी निवडताना मी त्याला सरळ म्हटलं, ह्यांच्या डोक्यातून तू एकेक सामान बाहेर काढतो आहेस. गाव काढलंस, मुलगा काढलास. मलाही काढ, मी काही म्हणणार नाही. पण तू स्वतः तिथून निघू नकोस. हे तुझ्याकडे भीक मागून सांगते. मी भाजी धुतली.

काल सकाळी सुपारी मांडली, हाक मारली आणि त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कोण यायचंय?"

"देव," मी म्हटलं.

त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत फिरवून पाहिला. "ओळखीचे आहेत?"

"हो. तुमच्या फार जुन्या ओळखीचे."

"मग त्यांना सोडून कसं जेवायचं?" त्यांनी ताट बाजूला सारलं आणि दाराकडे तोंड करून बसले. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. वरण निवत होतं. मी पुन्हा हाक मारली, आवाज फुटत होता तरी मारली. आणि तिसऱ्यांदा मारली तेव्हा तेही माझ्याबरोबर हाक मारायला लागले, कोणाचं नाव न घेता, एखाद्या पाहुण्याला जिन्यावरून बोलवावं तसे: "या हो, या. ताट वाढलंय."