काकूंना डंख हवा होता

काकूंनी आयुष्यभर मधमाश्या पाळल्या आणि शेवटी त्यांच्यावर उलटल्या त्या त्यांच्याच शरीरातल्या पेशी. एक माशी काय चावली, घसा आवळला, रक्तदाब कोसळला आणि स्वारी थेट दवाखान्यात. तेव्हापासून मधमाश्यांच्या पेट्या काकांच्या गळ्यात पडल्या. काका शिंपी माणूस. जाळीचा टोप स्वतः शिवून ते जीव मुठीत धरून पेट्या उघडायचे, आणि काकू खिडकीतून सूचना सोडायच्या. आपल्या पेट्या परत हातात याव्यात, एवढाच ध्यास त्या बाईला लागला होता.

शरीराला सवय व्हावी म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माशीचं तेच विष इवल्या मात्रेत टोचू लागल्या, हळूहळू वाढवत.

"पण आत होतं काय?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या शरीरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडं बसलीत. विषाचा कण त्यातल्या दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटला की पेशी हिस्टामिन नावाचं रसायन ओकते, आणि त्यानेच घसा सुजतो, रक्तदाब पडतो. पण विष असं थोडंथोडं येत राहिलं की नियामक पेशी तयार होतात. त्या इंटरल्यूकिन-दहा नावाचा निरोप सोडून बाकीच्यांना गप्प बसवतात. मग शरीर आयजीजी-चार नावाची वेगळी प्रतिपिंडं बनवतं आणि ती विषाला वाटेतच धरतात."

"म्हणजे आत कुणीतरी शहाणं आहे तर," काकू खूश झाल्या. मग दर सुईनंतर दंड थोपटून त्या नियामक पेशींना शाबासकी देऊ लागल्या.

शेवटी दवाखान्यातच खऱ्या माशीचा डंख घेऊन बघायचं ठरलं. काकांनी डबीतून माशी आणली. डॉक्टरीणबाईंनी ती चिमट्याने दंडावर टेकवली. माशी गुणगुणली, पण काकूंना काहीच झालं नाही. नर्सने टाळ्या पिटल्या.

काकूंनी चष्मा चढवला. "अहो, हा तर नर. याला नांगीच नसते."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. काका मात्र खाली बघत होते. "मुद्दाम शोधून आणला. तुझी तशी अवस्था परत नाही बघवणार मला."

काकूंना भरून आलं, पण त्या काही बधल्या नाहीत. "खरी माशी कुठाय?"

काकांनी मुकाट्याने खिशातून दुसरी डबी काढली. या माशीने कडकडून डंख मारला. सगळे काकूंच्या गळ्याकडे बघत बसले. दंडावर लालसर गाठ आली, आणि बस्स. श्वास मोकळा, नाडी ठणठणीत. काकूंना हसू आवरेना. काका डोळे पुसत सुटले.

"चला, आता पेट्या माझ्या," काकू म्हणाल्या.

"निम्म्या," काका म्हणाले. "डावीकडच्यांना माझी सवय झालीय."