जिराफाची मान आणि उस्मानचाचांचा वस्तरा

"हलू नका. आता सांगा, जिराफाच्या मानेत हाडं किती?"

हा प्रश्न उस्मानचाचा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवूनच विचारायचे. बिचारं गिऱ्हाईक काय बोलणार? श्वास रोखून नुसतं आरशात बघत राहायचं. मग चाचाच उत्तर द्यायचे, "सात! आन् तुमच्या मानेत किती? तुमच्या पण सातच. मंग तो जिराफ कशाची घमेंड करून राहिलाय?"

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं केस कापायचं दुकान लातुरात आमच्या घराला चिकटून होतं आणि दुकानाची एक खिडकी आमच्या अंगणात उघडायची. शाळा चौथीत सुटलेली. त्यांचं सगळं ज्ञान रद्दीतलं. दाढीचा फेस पुसायला पेपरचे चौकोनी तुकडे करून ठेवतात ना, ते तुकडे चाचा आधी वाचायचे आणि मगच त्यांवर फेस पुसायचे. त्यामुळे जगातली एकूण एक गोष्ट त्यांना माहीत होती, पण अर्धी. कात्री जिथे चालली तिथे विज्ञान संपलं!

उरलेलं अर्धं पुरवायचं काम माझ्याकडे. मी बारावीला होते, जीवशास्त्राच्या शिकवणीला जात होते. मी अंगणात वाचत बसले की खिडकीतून फेसाळ हात बाहेर यायचा.

"बेटी, 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, त्यातलं एक पोहताना...' पुढं?"

"थांबतं, चाचा."

"या अल्ला! मंग मरतंय का काय ते?"

"नाही हो, ऑक्टोपस दमतो. म्हणून पोहण्यापेक्षा तळाशी सरपटतच जातो."

"तीन-तीन दिल, आन् चाल आमच्या जावयासारखी!" म्हणत खिडकी बंद.

फुलपाखरू पायांनी चव घेतं हे कळलं तेव्हा तर त्यांनी अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर येऊन गटाराकडे बोट दाखवलं. "अल्लाचं करम, माणसाला तसं न्हाई. या गल्लीतून चाललो असतो का आपण?"

त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या उगवत होत्या. मुखेडची, चाकूरची पोरं खोल्या करून राहायची आणि केस वाढले की चाचांच्या तावडीत सापडायची. एकदा एकाने विचारलं, "चाचा, हे परीक्षेला येतं का?" चाचांनी कात्री थांबवली. "न्हाई येत. म्हणून तर फुकटात सांगून राहिलोय. गुमान बस."

मग किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भिंतीला एक चीर पडली, बस. पण आईच्या मावशीचं गाव गेलं आणि मावशीही गेली. त्या दिवशी आईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं ते टाकलंच. अंगणात ताडपत्री बांधली, चूल मांडली. सरकारी माणूस भिंती ठोकून 'घर पक्कं आहे' म्हणून सांगून गेला, सगळी गल्ली हळूहळू आत झोपायला लागली. आम्ही आपले ताडपत्रीखाली.

त्यात चाचांनी खिडकीतून एक तुकडा वाचून दाखवला. "भाभी, ऐका. 'भूकंपाची चाहूल जनावरांना आधी लागते. कुत्री केकाटतात, शेळ्या दावं तोडू पाहतात...'" पुढे कात्री.

आईने तासाभरात चाचांचीच शेळी मागून आणली आणि ताडपत्रीशेजारी बांधली. समोर शेवग्याचा पाला. शेळी दावं ओढणार नाही तर काय करणार? पण प्रत्येक हिसक्याला आई ओरडायची, "बाहेर! बाहेर पळा!" अगं पण आम्ही बाहेरच होतो की!

हसता हसता थंडी पडली आणि हसू आटलं. आजोबांना दम्याचा त्रास. रात्रंदिवस खोकून खोकून ते अर्धे झाले. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "या गारठ्यात ठेवलंत तर म्हातारबा महिना काढायचे नाहीत." आजोबा आत जायला तयार नव्हते. "सून आत आली तर मी आत," एवढंच म्हणायचे. आणि सून उंबऱ्यापाशी जाऊन मागे फिरायची. मला आईचा रागही यायचा आणि रात्री मी झोपायचे तिलाच बिलगून.

चाचांना फार लागलं ते. त्यांनी दुकान बंद ठेवून रद्दीचे गठ्ठे उपसले, त्याच पेपरची दुसरी प्रत शोधली आणि धावत आले. "भाभी, पुढचं सापडलं! 'असं लोक सांगतात. मात्र त्यावरून भूकंप ओळखता येत नाही. तो कधी येईल, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.'"

आईने विचारलं, "कुणालाच?"

"कुणालाच न्हाई!" चाचा खुशीत.

"मंग तर मी मुळीच आत येत न्हाई."

चाचा तुकडा चुरगाळत दुकानात परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानातली खुर्ची उचलून थेट आमच्या माजघरात घेऊन आले. बाबांना बसवलं, दाढीला फेस लावला. आई उंबऱ्याबाहेरच उभी, एक हात चौकटीवर. "चाचा, बाहेर करा की हो दाढी."

"बाहेर वारं हाय भाभी, साबण वाळतोय." आणि बोलता बोलता ब्रश बाबांच्या मिशीवरून फिरला. मग वस्तरा उचलला.

आमच्यात बाप गेल्याशिवाय मुलगा मिशी उतरवत नाही. आणि बाबांचे बाप समोर ताडपत्रीखाली खोकत बसलेले!

"अहो चाचा! मिशी! मामंजी जिते हायत माझे!"

आई दोन ढांगांत आत. चाचांचं मनगट तिने असं धरलं की वस्तरा खाली पडला. तरी डाव्या मिशीचं टोक गेलंच. मग तिला कळलं आपण कुठे उभे आहोत ते. ती तिथेच खाली बसली आणि मावशीचं नाव घेऊन रडली. गाव गेल्यापासून पहिल्यांदाच. भिंती होत्या तिथेच होत्या. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, वर बघितलं आणि म्हणाली, "केवढी जाळी झालीत! केरसुणी आण गं."

मी चाचांना हळूच विचारलं, "सगळी काढणार होतात का हो?"

"तोबा! पण भाभींनी उशीर लावला न् बेटी."

बाबांनी आरशात पाहून कपाळावर हात मारला. तेवढ्यात आजोबांनी बाहेरून मला हाक मारली, माझा हात धरून ते आत आले, आतल्या भिंतीला पाठ टेकून बसले, मुलाच्या तोंडाकडे बघून खोकत खोकत हसले आणि म्हणाले, "जाऊ दे रं मिशी. मी हाय ना अजून!"