सरळ करून दिलेली गिटार

गॅसवर दूध, टोस्टरमध्ये पाव, आणि आमचे हे एक मोजा हातात धरून दुसऱ्यासाठी घर डोक्यावर घेतलेले. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या चष्मेताई. बेल वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. त्या दिवशीची थाप मात्र कुठल्याही बेलपेक्षा उद्धट होती.

दार उघडलं. मार खाऊन आलेलं पोर शेजारणीला दाखवायला आणावं, तशी ताईंनी गिटार माझ्यापुढे धरली.

"बघा वहिनी! काय करून ठेवलंय बघा!"

मी बघितलं. लालभडक, आरशासारखी चकचकीत गिटार. आदल्या आठवड्यात दुकानात पोचवायला मीही सोबत गेले होते, तेव्हा ती हिरवी होती, आणि जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथला रंग घासून आतलं लाकूड दिसत होतं.

आमचे हे मोज्यासकट बाहेर आले. "अरे वा, अगदी नवी दिसतेय की!"

ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते दुसरा मोजा न शोधताच आत गेले. दूध उतू गेलं ते गेलंच.

चष्मेताई स्वतः चष्मा लावत नाहीत. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून त्या काचा घासून फ्रेममध्ये बसवतात, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना त्या नावानं ओळखते. धाकटा भाऊ त्यांच्याजवळच राहायचा. हॉटेलांत, लग्नांत ही विजेवरची गिटार वाजवायचा, दुपारी उठायचा, आणि जिन्यात भेटला की माझ्या हातातली पिशवी न विचारता वर पोचवायचा. आजारपणात तो गेला. गिटार कपाटावर तशीच पडून होती. मग एका सुट्टीच्या दिवशी ताई ती घेऊन माझ्याकडे आल्या. "तुमच्या टेबलावर उजेड चांगला येतो."

तेव्हापासून आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहिलं नाही. ताई कामावरचे इवलेसे पेचकस आणायच्या. गंजलेले स्क्रू तेलात भिजवले, आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीतली खरखर काढली, तुटलेली वायर डाग देऊन जोडली. मी टॉर्च धरायचे. ज्या दिवशी गिटार पहिल्यांदा बोलली, त्या दिवशी आम्ही दोघी खुर्चीवरून उडालो आणि मग वेड्यासारख्या हसत सुटलो.

ही गिटार होती उजव्या हाताच्या माणसाची, आणि धाकटा पक्का डावखुरा. डाव्या हाताची मिळेना, तेव्हा त्यानं हीच उलटी फिरवली. तारांचा क्रम बदलला. तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी जुन्या टूथब्रशच्या दांड्यातून कापून नव्यानं बनवली. पट्टा अडकवायची खुंटी दुसऱ्या बाजूला नेली. उलटी धरल्यावर आवाजाची खुंटी नेमकी हाताखाली यायची, धक्का लागून फिरायची. म्हणून तिची वरची टोपी काढून तिथे आईच्या कोटाचं मोठं चपटं बटण चिकटवलं. आई शेवटपर्यंत त्या कोटाला एक भलतंच बटण लावून फिरल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "फॅशन आहे."

ताईही डावखुऱ्याच. हे मला त्या टेबलावरच कळलं, कारण पेचकस त्या डाव्या हातात धरायच्या आणि कुणी आलं की पटकन उजव्यात घ्यायच्या.

"शाळेत बाई डाव्या हाताला रुमाल बांधायच्या," त्यांनी एकदा सांगितलं, अगदी सहज, स्क्रू फिरवता फिरवता. "घरी बाबा. जेवताना चमचा काढून उजव्या हातात द्यायचे. 'सरळ खा.' मी सरळ झाले. धाकट्याच्याही हातातला काढायचे, पण बाबांनी मान वळवली की त्याचा चमचा परत डावीकडे! आणि गिटार आल्यावर तर त्यानं लपवणंही सोडलं. बाबांच्या समोर बसून उलटी वाजवायचा."

दुरुस्तीनंतर संध्याकाळी वरून गिटारचा आवाज यायचा. अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. एकदा साखर मागायला गेले तर दार उघडंच होतं. ताई डाव्या हातानं वाजवत होत्या, आणि मला बघूनही त्यांनी हात बदलला नाही. मी साखर न मागताच परत आले.

गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या तेवढ्या झिजल्या होत्या. ते घरी होण्यासारखं काम नव्हतं, म्हणून दुकानात दिली. "पट्ट्या बदला, बाकी कशाला हात लावू नका," ताईंनी सांगितलं होतं. माझ्यासमोर. दुकानदारानं मान डोलावली होती.

त्याच दिवशी, पाव करपलेला तसाच ठेवून, मी ताईंबरोबर दुकानात गेले.

दुकानदार हसतच पुढे आला. "काय मॅडम, आवडली ना? रंगाचे काही घेतले नाहीत हं. आपल्याकडून भेट."

"मी पट्ट्या बदलायला दिली होती."

"बदलल्या की! पण वाजवणार कशी? सगळंच उलटं होतं. तारा उलट्या, पट्ट्याची खुंटी भलतीकडे, आवाजाच्या खुंटीवर कसलं तरी बटण. कुणी अडाण्यानं हात मारलेला. सगळं काढून सरळ करून दिलं."

माझा संयम चांगला आहे असं घरचे म्हणतात. त्या दिवशी तो कुठे गेला देव जाणे. "अहो, तुमच्याकडे चप्पल शिवायला दिली तर पाय तासून मापात बसवाल! सांगितलेलं ऐकू येत नाही, आणि न सांगितलेलं बरं सुचतं?"

"तुम्ही रागावू नका काकू. चांगलंच केलंय. पहिल्यापेक्षा चारचौघांत शोभेल."

"तो अडाणी माझा भाऊ होता," ताई म्हणाल्या. "डावखुरा. मीही डावखुरी."

दुकानदार जरासा वरमला, पण गप्प बसेल तर ना! "तरी काय झालं? कितीतरी डावखुरे सरळ वाजवतात. सवय होते, मॅडम."

"सवय मला लावून झालीय," ताई म्हणाल्या. "पुन्हा नको."

त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी तारांची पाकिटं चाळणारं एक गिऱ्हाईक हात थांबवून बघायला लागलं.

"काढलेलं सामान कुठाय?" मी विचारलं.

त्यानं काउंटरखालून सुट्या भागांचा डबा काढला. मी तो सरळ उपडा केला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं, पण आता लाज त्यानं बाळगावी, मी का म्हणून? ताईंनी स्क्रू, स्प्रिंगा, तारांचे तुकडे बाजूला सारले. बटण सापडलं. टूथब्रशची पट्टी काढतानाच मोडली म्हणे, फेकून दिली.

"आणि हिरवा रंग हवा असेल तर..." दुकानदार चाचरला. "तसा मारून देतो. पण जुना, झिजलेला... तो काही आता येणार नाही."

ताईंनी त्या लाल गिटारवरून हात फिरवला. जिथे धाकट्याचा हात टेकायचा, तिथे थांबला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर गिटार त्याच्या डोक्यात घालतील. माझी दोन्हीला तयारी होती.

ताईंनी दोन्हीही केलं नाही. गिटार काउंटरवर ठेवली, फिरवली, मान उजवीकडे येईल अशी. बटण तिच्याशेजारी ठेवलं.

"रंग राहू दे," त्या म्हणाल्या. "मला ही डाव्या हातानं वाजवायची आहे. तेवढी परत उलटी करून द्या."