दाजींनी विणलेला गळा

आमचे दाजी मुंजाबा यांनी लिहून ठेवावं असं मोठं काही केलं नाही, आणि मला लिहायची सवय नाही. पण ते गेल्यापासून नात्यातली माणसं त्यांची एकच गोष्ट सांगतात, तीही हसत हसत. ती घडली तेव्हा मी तिथं होतो. म्हणून मला दिसली तशी सांगतो. चुकत असेन तर माफ करावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सखूअक्काचे मालक. घराणं मेंढरांचं, दौलताबादच्या पलीकडं एका वस्तीवरचं. मेंढरांमागं चालता चालता टकळीवर लोकर कातायची, हे त्यांच्यात बाप्यांचं रोजचंच काम. पुढं मेंढरं विकली. चिकलठाण्याला कारखाने वाढत होते. दाजी तिथं एका पत्र्याच्या कंपनीत लागले आणि मुकुंदवाडीत दोन खोल्या करून राहिले. वस्तीवर पुरुषाच्या हातात लोकर दिसली तर कोणी मान वळवत नसे. मुकुंदवाडीत वळवत.

एका वर्षी कंपनीत टाळेबंदी झाली आणि दाजी घरी बसले. शेजारच्या खोलीत दवाखान्यातली एक नर्स राहायची, सगळे तिला सिस्टर म्हणत. ती ओट्यावर बसून स्वेटर विणायची. दाजी लांबून बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "सिस्टर, ह्या लोकरीला पीळ जास्त बसलाय."

सिस्टर हसली. "तुम्हाला हो काय कळतं त्यातलं?"

"लोकरीतलंच तेवढं कळतं," दाजी म्हणाले.

तिनं सुया त्यांच्या हातात दिल्या. सुलट टाका, उलट टाका त्यांना लगेच जमला. गळ्याला उतार द्यायचा तर टाके कमी करावे लागतात. त्यासाठी दोन टाके एकत्र विणून एक करायचा, हेही तिनं दाखवलं. मग तिची बदली झाली. दाजींचं शिक्षण तेवढ्यावर राहिलं.

कंपनी सुरू झाली तेव्हा त्यांच्या सदऱ्याला लोकरीचे तंतू चिकटलेले कोणीतरी पाहिले. झालं. "मुंजाबा, वहिनीला चोळी विणली का?" "मुंजाबा, पाळणा बी हलवता का?"  तेव्हापासून आतल्या खोलीचं दार लावल्याशिवाय दाजींनी सुया हातात घेतल्या नाहीत. विणलेलं ते अक्काच्या पेटीत ठेवत. आम्ही कोणी त्याबद्दल विचारत नसू. विचारलं तर त्यांनाच चोरी पकडल्यासारखं होई.

त्यांची एकुलती लेक कौसा. तिला बघायला कन्नड गावची माणसं आली तो विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचा शेवटचा हिवाळा. गावभर तणाव होता. कंपनीत एका डब्यात जेवणारी माणसंसुद्धा वेगळी बसायला लागली होती. तशातच पाहुणे आले. मुलगा भिकन साखर कारखान्यात होता. बरोबर त्याचे वडील सोनाजी आणि आत्या बानाबाई. बानाबाई झेडपीच्या शाळेत बाई होत्या. तारुण्यातच विधवा झालेल्या, भावाच्या घरी त्यांचा शब्द चालायचा.

मुलीच्या हातचं काय काय आहे ते तेव्हा मांडून दाखवायची पद्धत होती. मण्यांचं तोरण, भरतकामाचा पोपट, उशीचे अभ्रे. कौसाला यातलं फार येत नव्हतं. अक्काला काय सुचलं कोण जाणे, तिनं पेटीतला निळा स्वेटर काढून सगळ्यांत वर ठेवला. बानाबाईंनी तो उचलला तशी अक्का म्हणाली, "पोरीनंच इणलाय."

मी दाजींकडं पाहिलं. ते सतरंजीकडं बघत होते.

बानाबाईंनी स्वेटर मांडीवर पसरला, गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वीण लई सारखी आहे. गळ्याला जरा गडबड झाली."

गोष्ट तिथंच मिटली असती. मुलगी पसंत दिसत होती. पोहे झाले, चहा झाला. सोनाजी उठले, तेवढ्यात बातमी आली की कुठंतरी दगडफेक झाली आणि एसटीनं गाड्या बंद केल्या. पाहुण्यांना थांबणं भाग पडलं.

दुपारी करायला काही नव्हतं. बानाबाई म्हणाल्या, "कौसा, सुया आण गं. मोकळा वेळ आहे, तुझा गळा नीट करू. हे बघ, एका बाजूला टाक्यांची रेघ कशी कडेबरोबर चढत गेलीय. आन ह्या डाव्या बाजूला बघ, तेच टाके उलटे कडेवर पडलेत. म्हणून दाते दिसतात. तू दोन्हीकडं उजवीकडं झुकणारेच टाके घातलेस. एका बाजूला डावीकडं झुकणारे पाहिजेत. शिकवते, बस."

त्यांनी स्वतःच गळ्याची ती बाजू उसवली, टाके सुईवर घेतले आणि सुया कौसाच्या हातात दिल्या. कौसानं सुई धरली ती कालवण ढवळायचा चमचा धरावा तशी. धागा कोणत्या बोटावर घ्यायचा हेही तिला माहीत नव्हतं. सुई घातली, आणि दोन-तीन टाके घसरून खाली गेले.

"लाजती वो ती," अक्का म्हणाली.

"लाजली तर बोटं इसरतात का?" सोनाजी म्हणाले. "सकाळी तर पोरीनंच इणलाय म्हणत व्हता."

"थोडं शेजारच्या सिस्टरनं..." अक्का म्हणू लागली. सिस्टरला जाऊन किती वर्षं झाली, ते शेजारच्या बाईनं पाहुण्यांना सकाळीच बोलता बोलता सांगितलं होतं.

कौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटारड्या घरची मुलगी, एवढं एक वाक्य सोनाजींनी कन्नडला जाऊन म्हटलं असतं तर आमच्या नात्यात तिला पुन्हा कोणी बघायला आलं नसतं. मला ते कळत होतं. 

दाजी दाराशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "पोरीला काय बोलू नका. ते मी इणलंय."

 सोनाजी असे हसले की त्यांना ठसका लागला. "आँ? मग तुमाला व्याही म्हणायचं का इहीण?"

भिकनही हसला. कौसानं ते पाहिलं. ती उठून स्वयंपाकाच्या खोलीत गेली.

बानाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मग सुया तुमच्याच हातात पाहिजेत. बसा, मुंजाबा."

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"गळा उसवलाय मी. तो असा ठेवू का? बसा."

दाजी बसले. होणाऱ्या व्याह्यासमोर, जावयासमोर, भर दुपारी, दार उघडं. त्यांचे कान लाल झाले होते. बानाबाई सांगत होत्या, "एक टाका न विणता तसाच उजव्या सुईवर घ्या. पुढचा विणा. आता तो न विणलेला उचला आन विणलेल्यावरून पलीकडं टाका. बघा, डावीकडं झुकला."

पत्र्याच्या कामानं त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले होते. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा त्यांनी सवयीनं दोन टाके एकत्रच विणले. सोनाजी म्हणाले, "इहीणबाई, चुकलं जणू." दाजींनी खाली बघत उसवलं आणि पुन्हा घातलं. हळूहळू ते जमायला लागलं. एक ओळ झाली, मग एक सोडून पुढची, आणि त्या बाजूला सरळ रेघ उमटायला लागली. दाजी वाकून बघत होते. थोडा वेळ त्यांना आसपास माणसं आहेत याचा विसर पडला असावा. "अरे तिच्या," ते स्वतःशीच म्हणाले, "असं व्हय!"

"अण्णा, उठा की आता," आतून कौसानं बापाला हाक मारली. "बास झालं."

त्यांचा हात थांबला. बाकीचा गळा बानाबाईंनी पुरा केला.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. निघताना सोनाजींनी दाजींना बाजूला घेतलं, मी जवळच होतो. "पोरगी आमाला पसंत हाय. बानाचं मन बसलंय तिच्यावर. पण हे सुयांचं आमच्या भावकीत निघायला नको. लोकं भिकनला जगू देणार नाहीत. तुमी परत सुईला हात लावायचा नाही, एवढा शब्द द्या."

"दिला," दाजी म्हणाले. त्यांनी विचारही केला नाही.

वैशाखात लग्न झालं. सुया अक्काकडं गेल्या, ती परकराला नाडी ओवायला त्यातली एक वापरायची. दाजी कामावरून येत, जेवत, आणि हात मांडीवर ठेवून बसत.

दिवाळसणाला कौसा माहेरी आली. मीही गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत दाजींजवळ बसलो होतो, तिनं दाराची कडी लावली आणि पिशवीतून तपकिरी लोकर काढली. बानाबाईंनी दिली होती. सासरच्या भावकीत सगळे विचारत होते, मास्तरीण आत्या एवढी विणते, मग सून कशी विणत नाही?

"अण्णा, शिकवा मला," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

दाजींनी सुयांना हात लावला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि तोंडानं सांगत राहिले. "आता घे तसाच. इणू नको. पुढचा इण. आता त्याच्यावरून टाक. नाय, त्याच्यावरून. पलीकडनं."

"हातात घेऊन दाखवा की. इथं मामाशिवाय कोण बघतंय?"

"तुझ्या सासऱ्याला शब्द दिलाय."

कौसा रडायला लागली. रडता रडता विणत होती. दाजी सांगत होते. मुक्काम संपेपर्यंत रोज दुपारी ती कडी लागायची, आणि कोणी आलं तर अक्का बाहेरून सांगायची, दोघं झोपलेत.

नंतर पंचमीला कौसा पुन्हा आली तेव्हा तो तपकिरी स्वेटर पुरा झालेला होता. सोनाजींसाठीच तिनं विणला होता. तो घालून ते कन्नडच्या बाजारात फिरून आले होते. पाहुण्यारावळ्यांनी वाखाणला, आणि कोणीतरी विचारलं, सूनबाई, हे कोणी शिकवलं?

"मी म्हणलं, आत्याबाईंनी," कौसा म्हणाली. "आत्याबाई तिथंच होत्या. माझ्याकडं बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. अण्णा, माझ्या तोंडातून तुमचं नावच निघालं नाही."

 मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना.

"बरं केलं," दाजी म्हणाले. मग जरा पुढं सरकून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आन गळा? डाव्या बाजूचा नीट बसला का गं?"