पंज्यावरची वाळू

समुद्राकाठच्या जंगलातून लोकांची कुत्री फिरवून आणणं हेही काम असतं, हे मावशीच्या भावाला काही पटलं नव्हतं. "स्वतःची पोरं कधी फिरवली नाहीस, आणि आता परक्यांची कुत्री!" म्हणून तो हसला होता. त्याला नऊ वर्षं झाली. मावशी अजून रोज उजाडता चार-पाच दोऱ्या मनगटाला गुंडाळून निघते. झाडांमधली वाट, मग वाळू, पाण्याच्या कडेकडेनं खडकापर्यंत आणि माघारी. एकूण सात कुत्री, दोन खेपा. त्यातली पाच एकाच गल्लीतली.

त्या गल्लीत तोंडाशीच बंगलेवाल्या बाई राहायच्या. त्यांच्या दिवाणखान्यात कुत्र्याचे सहा मोठे फोटो होते, आणि कुत्र्याला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. कुत्रा चांगला वयस्क, शहाणा. मावशी त्याला म्हातारबा म्हणायची. बाईंना त्याचं वय धड सांगता यायचं नाही, पण तो कुठल्या जातीचा हे मात्र दारावरच्या भाजीवाल्यालाही सांगून झालेलं.

म्हातारबा परत आला की बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि त्याच्या पंज्यावरून बोट फिरवायच्या. बोटाला वाळू लागली म्हणजे कुत्रा समुद्रावर जाऊन आला. झाली परीक्षा!

मध्यंतरी खाऱ्या पाण्यानं म्हातारबाच्या तळव्यांना भेगा पडल्या. मावशी त्याला जंगलाच्या तोंडाशी असलेल्या नळावर नेऊन चारही पंजे धुवायला लागली, बोटांच्या बेचक्यांतून जुन्या लुगड्याचा तुकडा फिरवून कोरडे करायला लागली. बाईंना हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. जेवल्यावर हात धुतले म्हणून कोणी सांगत फिरतं का?

चौथ्या दिवशी बाईंनी बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"मावशी, खरं सांगा, याला नेता कुठे?"

"समुद्रावर. खडकापर्यंत."

"शेजारचं कुत्रं बघा, तो टोपीवाला फिरवून आणतो ते. पोटापर्यंत वाळू! आणि आमचा जसा गेला तसा परत."

"धुऊन आणते बाई. भेगा पडल्यात, हे बघा." मावशीनं पंजा उलटून दाखवला.

बाईंनी नाक मुरडलं. "ते मला काय दाखवता? उद्यापासून वाळू दिसली पाहिजे. नाहीतर मी गल्लीत सगळ्यांना सांगेन."

म्हणजे पाचही घरं गेली असती. घरी सून म्हणाली, "आई, चिमूटभर वाळूचा प्रश्न आहे. लावा आणि मोकळ्या व्हा."

"तुझ्या टाचेला भेग पडते तेव्हा तू मलम शोधतेस. त्याला वाळू चोळू?"

"तो काय सांगायला येणार आहे?"

"म्हणूनच," मावशी म्हणाली. "मुक्या जिवाचं वरच्याला आधी ऐकू जातं."

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंनाच गळ घातली. एकदा बरोबर चला, डोळ्यांनी बघा. बाई आल्या. पांढरे बूट, काळा चष्मा, अत्तराचा असा घमघमाट की म्हातारबा दोनदा शिंकला. जंगलाच्या तोंडाशी नळाजवळच्या बाकावर टोपीवाला बसला होता. शेजारचं कुत्रं बाकाला बांधलेलं. टोपीवाल्यानं पिशवीतून मूठभर वाळू काढली, नळाखाली भिजवली आणि कुत्र्याच्या पायांना, पोटाला लिंपायला सुरुवात केली. बाईंना बघून हात तसाच राहिला.

मावशीला वाटलं, सुटले. आता तरी बाईंचे डोळे उघडतील.

बाई खो खो हसल्या. "हुशार आहे हो माणूस!" मग मावशीकडे वळून म्हणाल्या, "हेच तुम्हाला नाही सुचलं? अहो, येता-जाता लोक बघतात. आमचं कुत्रं फिरून आल्यासारखं दिसायला नको?"

मावशीला एकदम हलकं वाटलं. या बाईची आपण रात्रभर धास्ती घेतली! जिची अक्कल पंज्याच्या वरच्या बाजूलाच संपते, तिची!

तिनं म्हातारबाची दोरी सोडवून बाईंच्या हातात दिली. "घ्या. मला लिंपायचं काम येत नाही."

"अहो, मी कशी नेऊ याला?"

"दिसायचंच आहे ना? मग हातात धरून उभ्या राहा."

संध्याकाळपर्यंत पाचही घरांचे निरोप आले. म्हातारबा टोपीवाल्याकडे गेला.

उरलेली दोन कुत्री घेऊन मावशी सकाळी निघाली, तर बाकाला बांधलेला म्हातारबा शेपटीनं जमीन झाडायला लागला. तिनं टोपीवाल्याला विचारलंसुद्धा नाही, सरळ दोरी सोडली.

"न्या न्या," तो म्हणाला. "माझं काय जातंय! पण वाळू मला लावावी लागेल."

"वरच्या केसांना लाव. तळव्याला लागली तर याद राख."

तेव्हापासून तसंच चाललंय. मावशी म्हातारबाला खडकापर्यंत नेते, पंजे धुते, पुसते, मलम लावते आणि बाकाशी आणून देते. टोपीवाला वरून वाळू भुरभुरतो. बाई व्हरांड्यात बोट फिरवतात आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आता कसं, फिरून आल्यासारखा वाटतोय!"