फ्रेंचमध्ये दिलेला नकार

बी.ए.ला मी फ्रेंच मेजर घेतलं, तेव्हा आमच्या गावात, कवठे येमाईत, त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो स्वतःच लावून टाकला. कंपन्यांत परदेशी साहेब येतात, त्यांच्याशी बोलायला पोरगी लागणार, असं ते येईल त्याला सांगायचे. आजोबा मेंढरांमागे फिरले, आप्पा शेतीत स्थिरावले, आता लेक साहेबांत बसणार. मी वर्गात कविता आणि कादंबऱ्या वाचतेय, हे त्यांना सांगायचं मी रोज उद्यावर ढकललं. पुण्याच्या मुली शाळेपासून फ्रेंच शिकलेल्या, माझी सुरुवात मुळाक्षरांपासून. सुट्टीत शेळ्यांना पाला टाकताना मी मोठ्याने बोलायचा सराव करायचे. शेळ्या निदान हसत नसत.

तिसरं वर्ष संपलं आणि दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचं स्थळ आलं. मुलगा कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत सुपरवायझर, घरची बागायत. मला एम.ए. करायचं होतं. अर्जाची मुदत आठ दिवसांवर आलेली आणि आप्पांपाशी विषय काढायचं धाडस होत नव्हतं.

पाहुणे आले. चहापोहे झाले, शिक्षण विचारून झालं. मग मुलाचे मामा म्हणाले, "जरा फ्रेंच बोलून दाव की पोरी. आमाला कळंना का, कानावर तरी पडू दे."

"बोल की," आप्पा म्हणाले. त्यांची छाती फुगली होती.

मी बोलले. मान खाली घालून सगळं खरं बोलले. मला हे लग्न करायचं नाही. मुलगा वाईट नसेल, पण मला पुढे शिकायचंय. वडिलांशी मी तीन वर्षं खोटं वागले, आणि त्यांचा चेहरा पाहिला की माझी बोबडी वळते. तोंडी परीक्षेत दर वाक्याला ठेचकाळणारी मी, त्या दिवशी एकदाही अडले नाही. डोळे भरून आले, ते पाहुण्यांना लाजणं वाटलं असणार.

"काय गोड वाणी हाय," मुलाची आई म्हणाली. मुलगा मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. तो कुणाकडून तरी अर्थ काढून घेईल, अशी मला भीती वाटली. खरं तर माझी आशाही तीच होती.

"काय म्हनलीस गं?" पाहुणे गेल्यावर आप्पांनी विचारलं.

"आपल्या गावाची म्हायती सांगितली." स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

दोन दिवसांनी होकार आला. रेकॉर्डिंग त्यांच्या सगळ्या भावकीत फिरलं होतं म्हणे. त्याचा अर्थ कुणी विचारला नव्हता. फोन ठेवून आप्पा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. आमच्याकडे इथवर आल्यावर मुलीला कुणी विचारत नाही. आप्पांनी विचारलं.

"त्यांला पसंत हाय. पण तुझ्या मनात नसंल तर आत्ताच सांग, मी न्हाई म्हनून कळवतो. तुझं काय म्हननं हाय?"

ते खरंच थांबले. माझ्याकडे बघत, घाई न करता थांबले. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"तुमी म्हनाल तसं, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कासुर्डीला फोन लावायला उठले.